फुलांवरचे डाग

आबांच्या हृदयातली एक झडप अरुंद झाली होती आणि दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. छाती उघडून दोन्हींची दुरुस्ती एकदमच करावी, तर सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाने मूत्रपिंडे थकवलेल्या त्या देहाला ती पेलवेल, असे गंगापूर रोडवरचे डॉक्टर म्हणेनात. त्यांनी काम दोन टप्प्यांत वाटले. आधी मांडीतून तार नेऊन रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवायचे. काही आठवड्यांनी बरगड्यांमधल्या लहानशा छेदातून झडप बदलायची. तोवर रक्त पातळ ठेवणारी गोळी एकही दिवस चुकवायची नाही. चुकली, तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होईल.

स्टेंट बसले आणि माझे वडील शहराबाहेरच्या मळ्यात, आपल्या गुलाबांकडे परतले. आई गेल्यापासून मी त्यांच्याचपाशी राहून शाळेची नोकरी करत होते. गावठी गुलाब दव असतानाच खुडावा लागतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून उजाडता उजाडता फुलबाजारात न्यावा लागतो. तिथून तो देवळांत जातो. पहिल्या आठवड्यात आबांच्या बोटांना चिंध्या असत. काटा रुतला की रक्त थांबतच नसे. दुसऱ्या आठवड्यात बोटे कोरडी दिसली. मला बरे वाटले. मग भीती वाटली.

"आबा, रक्त थांबलं कसं?"

"गोळी सोडली. चार दिस झाले."

"आबा!"

"देवाच्या फुलावर रक्त टिपकत होतं, बाई. इटाळलेलं फूल कसं इकू मी?"

"आणि छातीत गुठळी झाली म्हणजे?"

"मंग तीच फुलं टाका माझ्यावर. बिनडागाची."

ते हसले. मला हसता आले नाही.

त्याच सकाळी त्यांना दवाखान्यात नेले. स्पिरिटच्या उग्र वासातही त्यांच्या सदऱ्याला गुलाबाचा मंद वास येत होता. छातीचा आलेख पाहून डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा, काका." गोळी पुन्हा सुरू झाली, झडपेची शस्त्रक्रिया तीन आठवडे लांबली.

आबांनी एकच अट घातली : खुडणी थांबता कामा नये.

"मी खुडेन," मी म्हटले.

"खडूची बोटं ती. देठ मोडशील."

तीन आठवडे मी पहाटे खुडत राहिले आणि दिवसा वर्गात उभी राहून डुलक्या आवरत राहिले. आबा बांधावर घोंगडी पांघरून बसत. त्यांची धाप गार हवेत मला ताटव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येई. ऐकू आली नाही की मी मागे वळून पाही.

"लांब देठ ठेव की! फूल हाय ते, फळा नाय पुसायचा!"

शस्त्रक्रियेच्या सकाळीही मी खुडूनच दवाखान्यात पोचले. दुपार कलेपर्यंत बाकावर बसून होते. अखेर सर्जन बाहेर आले. "झडप नीट बसली आहे. धोका सरला असं आज म्हणणार नाही, पण हृदय आपलं आपण चालतंय."

आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप आली. तर्जनीत सकाळचा काटा ठसठसत होता. नखाने तो उपसला, तेव्हा रक्ताचा एक थेंब वर आला, थरथरला आणि कुणीही न दाबता थांबला. आत, काचेपलीकडे, छातीतल्या नळीतून ठिबकणारे आबांचे पातळ रक्त थांबायला अजून बरेच तास लागणार होते.

मी तो थेंब पदराला पुसला आणि थांबले.