जिंकणारीची खुर्ची

भंडाऱ्याला माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. जपानी कार्टूनमधल्या लढवय्यांच्या गेमवर पोरांची झुंबड असे. जिंकणारा खुर्चीवरून उठत नसे, हा नियम. एका मुलीने खालचा ओठ दातांत धरून सगळ्यांना हरवलं, माझ्या मुलालाही. बटण बिघडल्याचं सांगून मी तिला उठवलं. बटण ठीक होतं.

परवा पवनीच्या बसमध्ये कंडक्टरबाईंनी तसाच ओठ धरला होता. मशीनकडे न बघता त्यांचा अंगठा तिकिटाच्या बटणांवर पळत होता.

“मॅडम, लहानपणी गेम खेळत होत्या का?”

“तुमीच तं उठवलं होतं मले, काका!”

“बटन चांगलं होतं, पोरी. तुनं सगळ्यांले हरवलं होतं,” भरल्या बसमध्ये उभ्या उभ्या मी अभिमानाने, मोठ्याने सांगितलं.

ती हसत कंडक्टरच्या सीटवरून उठली. “बसा.”

“नाही. जिंकणारा उठत नाही.”