माहेरचा रकाना

नागसेन कांबळे राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात दुर्बिणीने पोट तपासताना मदतीला असायचा. जठरातला तुकडा बाटलीत टाकून, चिठ्ठी चिकटवून बर्फात ठेवणं हे त्याचं काम. पहिल्या बाटलीवर चिठ्ठी लागल्याशिवाय तो दुसरीचं झाकण उघडायचा नाही. मी घाई केली तर मलाही थांबवायचा.

२००४ साली एका प्रयोगशाळेला आम्ही चाळीस रुग्णांचे तुकडे पाठवले. अल्सर करणारा जंतू एका प्रथिनाचा आकडा अडकवून जठराला चिकटतो, आणि त्या आकड्याचं जनुक प्रत्येक माणसाच्या जंतूत थोडं वेगळं सापडतं. आमच्या दोन बाटल्यांत मात्र ते अक्षरन् अक्षर सारखं निघालं. एक गडमुडशिंगीच्या शालूबाई पाटलांची, दुसरी वारणानगरच्या रूपाली मानेंची. तुमच्या माणसाने एकीचाच तुकडा दोन्हीकडे भरला, असं प्रयोगशाळेने कळवलं. मी मुळात तापट. नागसेनला चारचौघांत फैलावर घेतलं आणि यापुढे बाटल्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं.

तो एवढंच म्हणाला, "माझा हात चुकलेला न्हाय, डॉक्टर. चूक कुठं झाली, ते मी हुडकून आणतो."

रविवारी तो बसने वारणानगरला गेला. कारखान्याच्या कॉलनीत रूपालीने त्याला चहा दिला. हा दवाखाना तुम्हाला कुणी सांगितला, असं त्याने विचारलं. आईनंच सांगितला, म्हणाली. आई कुठली? गडमुडशिंगीची. लग्नात रूपालीचं नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. आमच्या कागदावर सगळं सासरचंच होतं.

सोमवारी तो मायलेकींना घेऊनच आला. लहानपणी हिला काय भरवायचात, असं मी शालूबाईंना विचारलं.

"भाकरी की. दात येईस्तोवर मीच चावून घास दिलाय हिला."

त्या घासाबरोबर आईचा जंतू लेकीच्या पोटात गेला होता आणि तीस वर्षं तिथंच चिकटून होता. मला मनापासून लाज वाटली. ज्यांच्यासमोर बोललो होतो त्या सगळ्यांना बोलावून मी नागसेनची माफी मागितली. तो तोवर हातमोजे चढवून पुढची बाटली घेऊन उभा होता.

"माफीचं ऱ्हाऊ दे, डॉक्टर," तो म्हणाला. "तुमच्या फॉर्मात बायकांस्नी माहेरच न्हाय. आधी तेवढा रकाना घाला."