एका दुपारचा अध्यक्ष

मी नागपूर महापालिकेच्या महासभेचा अध्यक्ष होतो. एक दुपार.

महापौर परगावी, उपमहापौर तापाने फणफणलेले. मग दोन्ही बाजूंना न खटकणारा नगरसेवक म्हणून सभागृहाने मला उंच खुर्चीवर बसवलं. (मी कोणालाच खटकत नाही, कारण मी कधी बोलतच नाही.) समोर हा गोंधळ! मी आपला घंटी वाजवत, कोणाचीही बाजू न घेता, "मंजूर! पुढचा विषय!" म्हणत सुटलो. शेवटी विरोधकांनीही पाठ थोपटली आणि तिथेच घात झाला. सभा संपली, पण मी काही त्या खुर्चीवरून उतरलो नाही.

पुढच्याच रविवारी सक्करदऱ्याच्या आमच्या घरी भावंडं जमली. आई नरखेडकडच्या गावी एकटी राहायची, ती विहिरीपाशी घसरून पडली होती. आता तिने कोणाकडे राहायचं ते ठरवायचं होतं. खरं तर आईचं ठरलेलंच होतं. आल्या आल्या तिने लोणच्याची बरणी आमच्या ओट्यावर ठेवली आणि स्वतःची उशी मागच्या खोलीतल्या पलंगावर. माझ्या बायकोने, मंगलाने, त्या खोलीला नवे पडदेही लावले होते. मी फक्त "आई इथेच राहील" म्हणायचा अवकाश!

पण बैठक म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. देवघरातली घंटी उचलली आणि टेबलाच्या टोकाला जाऊन बसलो.

"मी पुण्याला नेतो," धाकटा दीपक म्हणाला. "लिफ्ट आहे, दवाखाना शेजारीच आहे."

"अन् तिथं तिच्याशी बोलंन कोण? लिफ्ट?" सावनेरची बहीण सुमन कडाडली. "आई, तू माह्याकडे चाल!"

"शांतता राखा!" मी घंटी बडवली. "सदस्यांनी एकेकानं बोलावं!"

"दादा, तू काहून नाही बोलून राहिला? तुह्याच घरात बसलो ना आपण!"

"अध्यक्ष कोणाची बाजू घेत नसतो."

स्वयंपाकघराच्या दारातून मंगला डोळे वटारत होती. "अहो, बोला ना!"

"प्रेक्षक गॅलरीतून सूचना नकोत!" (त्यानंतर चहा आला, तो मला सोडून सगळ्यांना.)

"मले कोणी विचारून राहिलं का?" आई म्हणाली.

"आई, विषय तुझा आहे, पण तू सदस्य नाहीस."

हे मी बोललो. माझ्या सख्ख्या आईला!

आईने सरळ माझ्याकडे पाहिलं. "बाळू, तुह्यं काय म्हणणं हाय?"

आता तरी तोंड उघडावं की नाही माणसानं? उघडलं. "खुर्चीला स्वतःचं म्हणणं नसतं, आई."

आई उठली, मागच्या खोलीत गेली आणि उशी काखेत मारून आली. "चाल वं, सुमन."

दीपकने मान खाली घातली. कोणाचाच विरोध नाही म्हटल्यावर माझा मेला हात आपोआप घंटीवर गेला. "एकमतानं मंजूर!"

सुमनची गाडी सुरू झाली तेव्हा ओट्यावरची बरणी दिसली आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. तसाच अनवाणी धावलो, "आई, थांब! इथंच राहा!" ओरडत. हातात घंटी तशीच, खणखणतेय! शेजारच्या काकू आरती समजून हात जोडून उभ्या राहिल्या. गाडी सक्करदरा तलावाकडे वळून गेली.

रात्री फोन केला, माफी मागितली, रडलोसुद्धा. आई शांतपणे म्हणाली, "आता मंजूर झालं ना गा." ती नाही आली ती नाहीच आली. मागच्या खोलीचे पडदे मंगलाने अजून काढलेले नाहीत, आणि मी त्या खोलीत जात नाही.

आता दर रविवारी मी सावनेरला जातो. सुमन, तिची पोरं, शेजारणी, सगळे आईच्या पलंगावर दाटीवाटीने बसून गप्पा मारत असतात. मीही टेकायला जातो, तोच आई हात आडवा करते.

"सुमन, अध्यक्ष आले वं! त्याईले खुर्ची आण."