निंबानानांनी ठोकळे काढले नाहीत

निंबा बैसाणे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९२च्या मे महिन्यात, जळगावच्या धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझी मावशी देवळाची पायरी चढावी तशी चपला काढून वजनकाट्यावर चढली होती आणि ते तिला समजावत होते, "अक्का, चपला घालूनच उभ्या राहा. विमानात चपलाही येणार ना तुमच्यासोबत?"

मुंबईच्या एका खाजगी कंपनीनं त्या वर्षी जळगावहून आठवड्यातून दोनदा छोटं विमान सुरू केलं होतं. दोन पंख्यांचं, नऊ जणांचं. माझी मावशी द्रौपदाबाई आमच्याकडे धुळ्याला राहायची. तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. मुंबईत ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण दहा तास बसचे धक्के तिला सोसायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुंबईतल्या तिच्या मुलानं विमानाची दोन तिकिटं पाठवली. मी धुळ्याच्या कोर्टात कारकून. रजा टाकली आणि तिला घेऊन आदल्या दिवशी जळगावला आलो.

निंबानाना तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, वाळलेले, पाठीत किंचित वाकलेले. पारोळ्याच्या बाजारात त्यांनी बावीस वर्षं मापाडी म्हणून कापूस आणि भुईमूग तोलला होता. पुढे पाठीनं दगा दिला, गाठोडी उचलणं जमेना. जळगावचे जिनिंगवाले बन्सीलाल शेठ पारोळ्याला कापूस घ्यायला यायचे. निंबाच्या काट्याखाली कुणाचा पाय जात नाही, त्याच्या तोलात लबाडी चालत नाही, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. विमान कंपनीचा जळगावचा मॅनेजर धनसिंग गिरासे शेठच्या ओळखीचा. शेठनी शब्द टाकला आणि नाना विमानतळावर लागले. जळगावातल्या मेहरूणला दोन खोल्या भाड्यानं घेऊन नवराबायको राहू लागले.

काम साधं होतं. प्रवासी आणि सामान तोलायचं, आकडे कागदावर लिहायचे, कागद कॅप्टनच्या हातात द्यायचा. कॅप्टन मिस्त्री त्यावरून कुणी कुठं बसायचं ते ठरवायचे. वजनदार माणसं पुढं, पंखांजवळ. हलकी माणसं मागच्या बाकावर. जागेचा तो नंबर नाना एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून प्रवाशाला द्यायचे. सगळे बसले की दार लागायचं, पंखे फिरायला लागायचे, आणि कॅप्टननं अंगठा दाखवला की पुढच्या चाकाला लावलेले लाकडी ठोकळे नाना दोरीनं ओढून घ्यायचे. मग विमान हलायचं.

त्या दिवशी विमान मुंबईहूनच अडीच तास उशिरा आलं. सकाळी नऊला निघायचं ते साडेअकरा वाजले. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. मावशीचे ओठ कोरडे पडले होते. मी रुमाल भिजवून तिच्या मानेवर ठेवत होतो.

आम्ही आठ प्रवासी होतो. बन्सीलाल शेठ आणि त्यांचे दोन भागीदार, तिघंही चांगले भरलेले. एक नवं लग्न झालेलं जोडपं, एक बँकेचे साहेब, आणि आम्ही दोघं. शेठ काट्यावर चढले तेव्हा काटा एकशे चारवर गेला. मावशी अडतीस भरली. शेठ आणि भागीदारांना पुढच्या जागा मिळाल्या. मावशीला, मला आणि त्या नव्या नवरीला मागचा बाक.

कॅप्टन कागद घेऊन पुढच्या दारानं आपल्या जागेवर जाऊन बसले. धनसिंग घाई करत होता, "चला, चला, ऊन वाढतंय." आम्ही विमानाजवळ गेलो तर शेठ आणि भागीदार आमच्याआधी आत चढून मागच्या बाकावर बसलेले. त्यांच्या गाडीतून ड्रायव्हरनं दोन पिशव्या आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या. सरकीचे नमुने होते. त्या पिशव्या काट्यावर आल्याच नव्हत्या.

मी माझा पुठ्ठा पुढे केला. "शेठ, हा बाक आमचा आहे."

"अहो, बसा की पुढं," शेठ मोकळेपणानं म्हणाले. "मावशींना पुढं हवा लागेल. आम्हाला तिघांना जरा बोलायचंय. जागा ती जागा."

मी मागे वळून धनसिंगकडे पाहिलं. त्यानं हातानंच पुढं बसा अशी खूण केली. मी बसलो. वाद घालायचं माझ्या अंगात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढची जागा मला बरी वाटली. मावशीला माझ्या शेजारी बसवलं. दार लागलं.

डावीकडचा पंखा फिरायला लागला. काचेतून समोर निंबानाना दिसत होते, ठोकळ्यांची दोरी हातात धरून उभे. ते आमच्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर खाली, पुढच्या चाकावर होती. ते एकदम खाली बसले, उठले, दोन पावलं बाजूला जाऊन शेपटीकडे पाहून आले. मग पुन्हा चाकाकडे.

त्यांनी काय पाहिलं ते मला पुढे कळलं. पुढच्या चाकाच्या वर एक चकचकीत दांडा असतो. विमान भरलं की तो आत दबतो. एरवी जेवढा दबायचा तेवढा तो त्या दिवशी दबला नव्हता. चार बोटं जास्त बाहेर होता. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि चढावर गाडी मागे कलंडते. नानांनी ते आयुष्यभर पाहिलं होतं. विमानाचं गणित त्यांना येत नव्हतं, पण समोर जू उचललेलं त्यांना दिसत होतं.

दुसरा पंखा सुरू झाला. कॅप्टननी अंगठा दाखवला.

नाना हलले नाहीत.

कॅप्टननी पुन्हा अंगठा दाखवला. नानांनी दोरी जमिनीवर टाकली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकावर एक धरून 'थांबा'ची खूण केली आणि तसेच उभे राहिले. पंख्यांच्या वाऱ्यानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. शेडकडून धनसिंग पळत आला. आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, पण तो दोरीकडे बोट दाखवून ओरडत होता. नानांनी मान हलवली. धनसिंग दोरी उचलायला वाकला, तर नानांनी तिच्यावर पाय ठेवला.

नवरी नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली होती. मावशीनं विचारलं, "काय व्हयनं रे?" मागून शेठचा आवाज आला, "या निंबाला काय झालं?"

कॅप्टननी दोन्ही पंखे बंद केले. एकदम शांतता झाली. ते उतरले, आमच्या बाजूचं दार उघडलं गेलं, आणि आता सगळं ऐकू यायला लागलं.

"काय आहे, निंबा?"

एरवी नाना ऑफिसात ऑफिससारखं मराठी बोलायचे. त्या वेळी तोंडातून घरचीच अहिराणी आली. "साहेब, बठ्ठं वजन मांगे शे. दांडा देखा. मी ठोकळे काढाव नही."

"डोकं फिरलंय याचं," धनसिंग म्हणाला. "साहेब, आधीच उशीर झालाय. मुंबईला काय सांगू मी?"

कॅप्टननी चाकापाशी वाकून पाहिलं. मग आत डोकं घातलं, मागच्या बाकाकडे पाहिलं, पायाशी ठेवलेल्या पिशव्या पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातला कागद काढला, तिथंच पंखाच्या सावलीत गुडघा टेकून पेन्सिलनं आकडे मांडायला लागले.

तो हिशेब होईपर्यंतची पाच-सहा मिनिटं मी विसरलेलो नाही. नाना दोरीवर पाय ठेवून उभे होते. पुढे एकदा मी त्यांना विचारलं, शेठची भीती वाटत होती का? ते म्हणाले, "शेठची नाही. कॅप्टनसाहेबांनी हिशेब करून 'चालेल' म्हटलं असतं तर काय, याची भीती. मला काय, मी नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं."

कॅप्टन उठले. "चालणार नाही," ते म्हणाले. "या उन्हात तर नाहीच. नाक वर गेलं असतं, मला खाली आणता आलं नसतं." मग आत पाहून म्हणाले, "शेठ, ज्याची जागा त्यानं घ्यायची. पिशव्या खाली ठेवायच्या."

"कॅप्टन, मी तुमच्या कंपनीला निम्मे प्रवासी देतो," शेठ जागचे न हलता म्हणाले. "या माणसाच्या सांगण्यावरून मला उठवणार? आणि या बाईंची काही तक्रार आहे का? विचारा."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. ती हळूहळू उठली, समोरच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला धाप लागली होती. "भाऊ, मना नंबर मांगेच व्हता," ती शेठना म्हणाली. "माले मांगे बसू द्या."

तिच्यामागे मी उठलो. मग नवरी उठली. आम्ही तिघं त्या अरुंद जागेत उभे, आणि शेठ बसलेले. कितीतरी वेळ असं गेलं. शेवटी शेठ उठले, पण पुढच्या जागेवर गेले नाहीत. पिशव्या घेऊन खाली उतरले. भागीदारही उतरले.

विमान आम्हा पाच जणांना घेऊन निघालं. दार लागण्याआधी मला दिसलं, शेठ नानांसमोर जाऊन उभे राहिले होते. ते काय बोलले, हेही नानांनीच पुढे सांगितलं.

"तुला इथं कुणी आणलं?"

"तुम्ही, शेठ."

"मग?"

"वजन करायलाच आणलं होतं ना, शेठ."

मावशीचं ऑपरेशन नीट झालं. महिन्याभरानं मी एकटा परत आलो. निघताना तिनं सांगितलं होतं, त्या भाऊला भेटून ये. जळगावच्या विमानतळावर गेलो तर काट्याजवळ दुसराच माणूस. पत्ता काढत मेहरूणला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी, मला आत नेलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली पाट मांडून बसवलं आणि चहा दिला. आमचं विमान सुटलं त्यानंतर तीन दिवसांत नानांना काढलं होतं. कागदावर कारण लिहिलं होतं: प्रवाशांशी उर्मट वर्तन.

"तुम्ही शेठना सरळ उठायला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

नानांनी बशी खाली ठेवली. "शेठला 'उठा' म्हणायला माझी जीभ उचलली नसती. शाळेत मला दाराबाहेर बसवायचे, भाऊ. कुणाला उठ म्हणायची सवयच नाही. ठोकळे तेवढे माझ्या हातात होते."

मला त्यांच्याकडे पाहवेना. उठा म्हणायचं काम माझं होतं. पुठ्ठा माझ्या हातात होता.

त्याच दुपारी मी धनसिंगच्या ऑफिसात गेलो. कोर्टात रोज दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतो, त्या दिवशी स्वतःचा लिहिला. कोण कुठं बसलं, कुठल्या पिशव्या तोलल्या नव्हत्या, कुणी हातानं खूण केली, सगळं. खाली सही केली, एक प्रत मुंबईला पाठवली. धनसिंग वाचून म्हणाला, "तुम्ही माझी नोकरी घालवणार." मी म्हटलं, "जे झालं तेवढंच लिहिलंय." कॅप्टन मिस्त्रींनीही आधीच लेखी कळवलं होतं, असं मागाहून समजलं. नव्या माणसाच्या आकड्यांवर भरवसा नसल्यानं ते दर वेळी स्वतः उतरून प्रवासी पुन्हा तोलायचे, आणि विमान प्रत्येक खेपेला तासभर उशिरा सुटायचं.

जुलैत धनसिंग नानांना परत कामावर बोलवायला स्वतः स्कूटरवरून मेहरूणला गेला. नानांनी लगेच हो म्हटलं नाही. "दार लागण्याआधी मी आत डोकावून प्रत्येकाचा पुठ्ठा पाहणार, एवढं कबूल असेल तर येतो," म्हणाले. धनसिंगनं कबूल केलं.

डिसेंबरात मावशीला तपासणीसाठी पुन्हा मुंबईला न्यायचं होतं. शेडमध्ये शिरलो तर बन्सीलाल शेठ रांगेत उभे. नानांनी त्यांना पाहिलं आणि आकडा लिहिताना त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. शेठ काट्यावर चढले. "एकशे दोन," नाना म्हणाले. कॅप्टननी ठरवलेला दोन नंबर, पुढच्या जागेचा, पुठ्ठ्यावर लिहून दिला.

शेठनी तो घेतला. आत जाऊन दोन नंबरच्या जागी बसले, पट्टा बांधला. नाना दारातून डोकावले आणि एकेकाचा पुठ्ठा पाहू लागले. ते शेठपाशी आले. शेठनी बाहेर पाहत पुठ्ठा वर धरला. नानांनी तो वाचला, मान हलवली आणि मागे आमच्याकडे आले.

"अक्का, बरं वाटतं का आता?" त्यांनी विचारलं.

"बरं शे, भाऊ," मावशी म्हणाली.

दार लागलं. नाना विमानाला एक फेरी घालून समोर गेले, चाकापाशी वाकून पाहिलं, आणि दोरी उचलली.