शेंदूर लावलेलं बेअरिंग

माझ्या भागीदाराने मला फसवलं. मला एकट्याला नव्हे, सरकी काढायच्या यंत्रांत, रेच्यांत, कापूस घालणाऱ्या सगळ्या बायांना फसवलं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. दारव्ह्याच्या आमच्या जिनिंगमध्ये माझा अर्धा वाटा होता. माझा आजा बैलांवर मीठ लादून गावोगाव हिंडला; मी कापसाच्या सौद्यांतून वर आलो. यंत्रांचं शिक्षण नाही, पण सौदा करणाऱ्याला धोका तोलता येतो. हंगामाआधी आम्ही दोघं कारखानाभर फिरायचो, तेव्हा प्रत्येक भागापाशी मी तेच विचारी : हे कितीदा बिघडतं, बिघडलं तर काय जातं, आणि आधी कळतं का?

पट्टे सारखे तुटत. पण तुटले की आवाज होई, काम थांबे, शिवले की पुन्हा सुरू. रेच्यांच्या ओट्याखाली शाफ्टचं शेवटचं बेअरिंग होतं, ते कधीच बिघडलं नव्हतं. तरी मी त्याला पहिला नंबर दिला. खाली अंधार, रुईचा भुरका साचलेला, आणि वर बाया बसलेल्या. ते तापलं तर कळणार कोणाला?

भागीदार हसला. "जे मोडलं नाही ते काहून बदलवायचं? नवे पट्टे घेऊ."

"पट्टा तुटला तर काम बंद पडेल. हे तापलं तर माणसं जातील."

"तुले त झोपेतही जाळच दिसते लेका!"

मी हातातला पाना भिंतीवर फेकला. तेव्हा कुठे तो बदलतो म्हणाला.

आमच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू. शेंदूर मात्र दुरुस्त झालेल्या भागालाच. शेंदूर दिसला की त्या जागेला पुन्हा कोणी हात लावत नसे. मी उमरखेडकडे माल पाहून परतलो, तेव्हा बेअरिंगवर ठसठशीत शेंदूर होता. मी निर्धास्त झालो.

ऐन हंगामात, भर दुपारी, ओट्याखालून धूर आला. रुईला भडकायला वेळ लागत नाही. बाया उड्या टाकून बाहेर पळाल्या. शेवटच्या रेच्यावरची पोरगी आली नाही. तिच्या आईनेच तिला हात धरून माझ्याकडे कामाला आणलं होतं.

राख निवल्यावर मी खाली उतरलो. बेअरिंग जुनंच होतं. हंगामाआधी, हे बदलायचं म्हणून मी छिन्नीने केलेली खूण त्यावर तशीच.

भागीदाराची कॉलर धरली. तो म्हणाला, "शेंदूर? तो त पूजेचा होता भाऊ. बदलवलं असं म्या कधी म्हटलं?" आणि चौकशीला आलेल्या साहेबाला त्याने सांगितलं, पोरगी चोरून विडी ओढत असेल. साहेबाने मान डोलावली. विडी समजायला सोपी असते.

पुढे मी जिनिंग सोडलं. कोणी यंत्र दाखवायला बोलावलं तरी जात नाही. धोका अगोदर दिसूनही माणूस जळतं, तर दिसण्याचा उपयोग काय? तिची आई बाजारात भेटली की तोंड फिरवते. मी काय सांगणार तिला?

सांगायचं त्याने आहे. त्याने तिच्या दारात उभं राहावं, माझ्यादेखत, आणि 'तुझी पोरगी विडी ओढत होती' असं तिच्या तोंडावर म्हणून दाखवावं. जमत नसेल, तर बेअरिंग का बदललं नाही ते बोलावं. यातलं एक उत्तर त्याला द्यावंच लागेल.