पहिला पोचा

गफूरमामांनी कोऱ्या सायकलच्या दांडीवर हातोडा हाणला, तसा मी ओरडलो, "अहो, काय करताय?"

"वाजवून दाखवतोय. ही पोलादाची. मार बसला तर वाकेल, मग कुठल्याही गावचा लोहार बडवून सरळ करेल. तुमची ती हलकी वाकत नाही, सरळ मोडते."

मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी ट्रकने उडवलं, तेव्हा माझी ॲल्युमिनियमची सायकल काडीसारखी मोडली आणि तिच्यासोबत माझं खांद्याचं हाडही; हे मी मामांना सांगितलं होतं. तरी कन्याकुमारीपर्यंत जायला सायकल निवडताना माझा हात पुन्हा तसल्याच देखण्या, हलक्या सायकलकडे गेला होता. निवडताना आपण मार बसणारच नाही असं धरून चालतो. रस्ता कुणाचं ऐकतो? तो हाणणारच. हाणल्यावर पुन्हा उभं राहता येईल का, एवढंच दुकानात विचारायचं असतं, आणि नेमकं तेच आपण विचारत नाही.

मामांनी हातोडा माझ्या हातात दिला. लांब निघालेल्या गिऱ्हाइकाने पहिला पोचा स्वतःच पाडायचा, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज.

"नाहीतर वाटभर तिलाच जपत बसाल. मारा."

मी हातोडा नुसता टेकवला.

"त्या ट्रकवाल्याला आठवा," मामा म्हणाले.

मग मात्र दातओठ खाऊन हाणला. रंगाचा टवका उडाला, पोचा पडला, आणि हातातून चढलेली कळ थेट खांद्यात बसवलेल्या प्लेटपर्यंत गेली. तीही पोलादाचीच आहे.