फाटकमामू

वाळवंटात एक लोखंडी फाटक होतं. त्याच्या डावीकडे कुंपण नव्हतं, उजवीकडेही नव्हतं. कधीकाळी तिथे लेबर कॅम्प होता. तो उठला, तारेचं कुंपण कोणीतरी भंगारात विकलं आणि काँक्रीटमध्ये रुतलेले दोन खांब आणि त्यांच्यातलं फाटक तेवढं उरलं. कोणीही शहाणा माणूस त्याला वळसा घालून पुढे गेला असता. मामू तसे जात नसत. ते सायकलवरून उतरत, कडी काढत, सायकल आत घेत, फाटक ओढून पुन्हा कडी घालत आणि कडी बसली का ते हाताने हलवून बघत. मग मागून येणाऱ्या माझ्याकडे बघत उभे राहत. मलाही तेच करावं लागे.

सौदीतल्या अल-खोबरमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. मामू रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे. एका कंपनीत ट्रेलर पाठवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कोणती गाडी दम्मामच्या बंदरातून उचलायची, कोणती रास अल खैरला धाडायची, हे दिवसभर फोनवरून ओरडून सांगायचं. हिंदी, अरबी आणि आमची मराठी, तिन्ही भाषांत त्यांचा आवाज बसलेलाच असे. मी इस्पितळात एक्स-रे काढणारा साधा टेक्निशियन. पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ केलं होतं आणि मीही कधी फारसा विरोध केला नाही. त्यांना ‘फाटकमामू’ हे नाव मात्र मीच ठेवलं. इमारतीतल्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांनी त्याचं ‘गेट अंकल’ केलं.

शुक्रवारी पहाटेची नमाज झाली की ते माझ्या दाराशी येऊन एकच शब्द बोलत, “यल्ला,” म्हणजे चला. गावाबाहेर कॅम्पकडे जाणारा जुना खडीचा रस्ता होता. नवा हायवे झाल्यापासून तिकडे गाडी फिरकत नसे. टायरखाली खडी कुरकुरायला लागली, की मामूंचा चेहरा सैल पडे. “आठवडाभर गाड्या हाकतो, डॉक्टर,” ते म्हणत, “आज कानावर एक पण गाडी नको.”

पण हा रस्ता त्यांच्या लेखी नुसती तालीम होती. खरा रस्ता इंग्लंडात होता. त्यांची मुलगी नसीम तिथल्या एका लहानशा गावात नर्स होती. तिच्या गावाजवळून पूर्वी आगगाडी जायची. ती बंद पडल्यावर रूळ उखडून तिथे बारीक खडी अंथरली होती. त्यावर फक्त चालणारी माणसं, सायकली आणि घोडे, मोटारीला बंदी. नसीमने सायकल घेतली आणि बापाला व्हिडिओ पाठवायला लागली. मामू ते डोळ्यांत तेल घालून बघत. “आमच्या गावाला रेल्वे येईस्तोवर माझे केस पांढरे झाले,” ते म्हणाले होते, “आणि यांनी नको झाली म्हणून काढून टाकली. काय लोक हायत!”

तो रस्ता त्यांना तोंडपाठ झाला होता. आधी विटांच्या पुलाखालचा अंधार, मग कालवा आणि त्यातल्या लांबोडक्या होड्या, मग करवंदीसारख्या काटेरी जाळ्या, मग मेंढ्यांचं कुरण. कुरणाच्या तोंडाशी एक फाटक. ते ओलांडलं की जुनं स्टेशन, जिथे आता चहा मिळतो. मामूंना त्या स्टेशनात बसून नसीमबरोबर चहा प्यायचा होता. एवढंच. लहानपणी ती त्यांच्या सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून शाळेत जायची. “आता ती पुढं आणि मी तिच्या मागं,” ते म्हणत. “तिनं वाट दाखवायची.”

फाटकाचं वेड त्या व्हिडिओतूनच आलं. नसीमची मैत्रीण पुढे जाऊन चित्रण करायची. त्यात नसीम फाटकातून आत येते आणि हात मागे नेऊन ते ओढून घेते, एवढा तुकडा मामूंनी मला कितीदा तरी दाखवला असेल. “बघितलंत? लावलं तिनं!” त्यांच्या गावी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, बांबूचं फाटक असतं, त्याला ते बेडं म्हणत. लहानपणी मामूंनी एकदा बेडं उघडं टाकलं आणि शेजाऱ्याची सगळी भाजी गुरांनी फस्त केली. बापाने त्यांना शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. “मार परवडला असता,” मामू म्हणाले. मग तेच त्यांनी नसीमला शिकवलं, आणि मुलगी साता समुद्रापार जाऊन विसरली नव्हती. तिकडे गेल्यावर आपल्या हातून चूक व्हायला नको, म्हणून हे वाळवंटातलं फाटक.

“मामू, इथे कुठे आलीत मेंढरं?” मी एकदा वैतागून विचारलं. ऊन चढलं होतं.

“मेंढरं नसली तरी सवय हवी. मेंढरं आल्यावर सवय लावाल काय?”

जायचं ठरवलं त्या पहिल्या वर्षी इंग्लंडचा व्हिसा आला. नसीमने भाड्याची सायकलसुद्धा ठरवली. मामूंनी हातमोजे घेतले आणि मोजे घालून चहाचा कप धरून बघितला. त्याच सुमारास कंपनीत सौदीकरणाची कुजबुज सुरू झाली. कोणत्या खुर्च्या स्थानिकांना द्यायच्या, याच्या बैठका होऊ लागल्या. मामू रजा मागायला गेले तेव्हा त्यांचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, एवढंच म्हणाला, की जा, पण परत येशील तेव्हा खुर्ची असेल असा शब्द मी देत नाही. मामूंच्या धाकट्या मुलाचं शिक्षण अजून व्हायचं होतं. त्यांनी तिकीट रद्द केलं. नसीम फोनवर रडली. मामू तिला म्हणाले, “रस्ता कुठं पळून जातोय, बेटा? खडीचा हाय. पुढल्या वर्षी येतो.”

पुढल्या वर्षी कंपनीत तुर्की नावाचा नवा माणूस आला. पोरगेला, देखणा, कामाचा गंध नसलेला सौदी मुलगा. मामूंनी त्याला शिकवायचं आणि तो शिकला की मामूंनी जायचं, असा सरळ हिशेब होता. इमारतीतले आम्ही सगळे मामूंना एकच सल्ला देत होतो: अर्धवट शिकवा, म्हणजे तुम्हाला ठेवून घेतील. मामूंनी ऐकून घेतलं आणि तुर्कीला सगळं शिकवलं. कोणत्या ड्रायव्हरची आई आजारी आहे, कोणाला लांब पाठवायचं नाही, हेसुद्धा. मला रागच आला. “स्वतःच्या हाताने स्वतःची खुर्ची देताय,” मी म्हणालो.

“मुलूख त्याचा हाय, डॉक्टर. आपण पावणे,” ते म्हणाले. जरा वेळाने सायकलची घंटी उगाचच एकदा वाजवून म्हणाले, “आणि जाताना बेडं उघडं टाकून जायचं नसतं.”

तुर्की शिकला. मामूंच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा, शिक्का बसला. शेवटच्या शुक्रवारी आम्ही खडीच्या रस्त्यावर गेलो. परत येताना फाटकापाशी मी उतरायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. फाटक त्यांनीच लावलं, कडी हलवून बघितली आणि हात तसाच कडीवर ठेवून उभे राहिले. “खलास,” एवढंच म्हणाले. घरी आल्यावर स्वतःची सायकल त्यांनी माझ्या दाराशी आणून लावली. दम्मामच्या विमानतळावर दोरीने बांधलेली खोकी ट्रॉलीवर चढवताना मात्र पुन्हा खुलले. बकरीद झाली की इंग्लंडला जाणार, आता रजा कोणाकडे मागायची नाही, हातमोजे हातातल्या बॅगेतच ठेवलेत. मी त्यांना मिठी मारली. ते गर्दीत दिसेनासे झाले तरी मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

पहिला व्हिसा संपला होता, म्हणून त्यांनी गावाहून नव्याने अर्ज केला. बोटांचे ठसे द्यायला जायची तारीखही मिळाली. त्या तारखेच्या आधीच एका सकाळी पहाटेची नमाज पढून ते जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत. धाकट्याचा फोन आला तेव्हा मी इस्पितळात होतो. हातातली फिल्म खाली ठेवली आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडलो. खोबरमध्ये राहणाऱ्या कोकणातल्या मंडळींनी त्यांच्यासाठी दुआ ठेवली होती. तुर्की आला होता. कोपऱ्यात मान खाली घालून शेवटपर्यंत बसला. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला.

काही महिन्यांनी नसीमचा फोन आला. ती त्या जुन्या स्टेशनात बसून बोलत होती. मागे कपबश्यांचा आवाज येत होता.

“काका, एक सांगू? इथल्या गेटला स्प्रिंग आहे. सोडलं की ते आपोआप बंद होतं. कोणाला लावावंच लागत नाही.”

मी फोनचा आवाज वाढवला.

“पहिल्या व्हिडिओत माझा हात सवयीने मागे गेला, बस. अब्बा इतके खूश झाले, की मग दर वेळी मी मुद्दाम ओढायची अ‍ॅक्टिंग करायचे. ते इथे आले की त्यांनाच उतरवणार होते, म्हणणार होते, अब्बा, लावा बघू. ते गेट आपोआप बंद झालं असतं ना, तर केवढे हसले असते...” तिने कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “आता व्हिडिओ कोणी काढत नाही. तरी मी ओढते.”

आता शुक्रवारी मी एकटाच जातो, मामूंच्या सायकलवरून. दोन्ही बाजूंना वाळू मोकळीच आहे. आमच्या या फाटकाला स्प्रिंग नाही. ते हातानेच लावावं लागतं.